मिठाच्या पाण्यातील भाज्यांवर पुन्हा पुन्हा येणारा पांढरा पापुद्रा: कारणे आणि उपाय

भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवून आंबवण्याची पद्धत अगदी साधी आहे आणि तिला लागणारे साहित्यही दोन-तीन वस्तूंपुरतेच असते. तरीही ती घरी करणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षे तशीच आहे. पहिले तीन-चार दिवस सगळे सुरळीत चालते, खाराला, म्हणजे त्या मिठाच्या पाण्याला, बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो, आणि मग एके दिवशी झाकण उघडावे तर खारावर पांढुरका पापुद्रा धरलेला दिसतो. तो काढून टाकला तर दोन दिवसांत पुन्हा धरतो. पुढच्या वेळी बरणी उकळत्या पाण्याने धुतली जाते, मीठही सढळ हाताने घातले जाते, आणि एवढे करूनही पापुद्रा यायचा तो येतोच.

असे वारंवार होण्याचे कारण बहुधा एकच असते. ज्या गोष्टीमुळे पापुद्रा येतो ती तशीच राहते आणि दुरुस्ती भलत्याच गोष्टीची होत राहते. बरणीची स्वच्छता आवश्यक आहे यात शंका नाही, परंतु पापुद्रा धरवणारे सूक्ष्मजीव भाजीच्या सालीवर, पानांच्या बेचक्यांत आणि स्वयंपाकघरातल्या हवेत असतातच. भाजी आंबवणारे उपयुक्त जीवाणूही तिथूनच येतात, त्यामुळे बरणी कितीही उकळली तरी भाजी उकळता येत नाही. खरा प्रश्न खाराच्या पृष्ठभागाला किती हवा मिळते हा आहे.

आधी नेमके काय आले आहे ते ओळखावे

उपाय करण्यापूर्वी पापुद्रा आणि बुरशी यांतला फरक कळणे महत्त्वाचे आहे, कारण दोन्हींबाबतचा निर्णय वेगळा असतो. पापुद्रा हा हवेवर वाढणाऱ्या यीस्टचा असतो. तो सपाट, पातळ, मळकट पांढरा किंवा फिकट पिवळसर दिसतो, जुना झाला की त्याला बारीक सुरकुत्या पडतात, आणि बरणी हलवली की त्याचे तुकडे होऊन खारात उतरतात. त्याला शिळ्या पावासारखा वास येतो. बुरशी मात्र ठिपक्यांनी सुरू होते, ठिपके गोलसर व उठावदार असतात आणि त्यांवर लव असते. पुढे तिला हिरवा, निळा, काळा किंवा गुलाबी रंग येतो. पण सुरुवातीला तीही पांढरीच असते आणि तिथेच फसगत होते. अशा वेळी खोलीतला दिवा मालवून बॅटरीचा प्रकाश पृष्ठभागावर वरून न टाकता अगदी तिरका, जवळजवळ आडवा टाकून पाहावा. पापुद्रा असेल तर ओल्या कागदासारखी सपाट, चुरगळलेली सुरकुती दिसते. बुरशी असेल तर ठिपक्याच्या कडेला उभे, केसांसारखे बारीक तंतू प्रकाशात स्पष्ट उमटतात.

काही गोष्टींना लोक उगाच घाबरतात. खार गढूळ होणे, बरणीच्या तळाशी पांढरा साका बसणे, लसणाच्या पाकळ्या निळसर-हिरव्या पडणे, हे सगळे आंबण्याच्या नेहमीच्या क्रियेतच घडते आणि त्यासाठी काही करावे लागत नाही.

काढला तरी तो परत का येतो

भाजीवर मीठ पडले की तिच्यातले पाणी बाहेर येते आणि त्याबरोबर साखरही खारात उतरते. ही साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंना हवेची गरज नसते. सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक गटातले जीवाणू जोर धरतात, तेच भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि आम्ल वाढल्यावर ते मागे पडून अधिक आम्ल सहन करणारे लॅक्टोबॅसिलस गटातले जीवाणू काम पुरे करतात. नीट आंबलेल्या भाजीचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ३.५ च्या आसपास उतरतो.

पापुद्र्याच्या यीस्टची रीत याच्या उलट आहे. त्याला हवा लागते, मात्र मीठ आणि आम्ल ही दोन्ही तो चांगली सोसतो. त्यामुळे जास्त मिठाने तो मरत नाही आणि खार आंबट झाला म्हणून थांबतही नाही. शिवाय त्याचे अन्न केवळ उरलेली साखर नसते. साखर संपली की तो तयार झालेले लॅक्टिक आम्लसुद्धा खातो. पापुद्रा निरुपद्रवी असतो, काढून टाकला की झाले, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. तो स्वतः विषारी नसतो, परंतु आठवडा-दोन आठवडे तसाच राहू दिला तर खाराच्या वरच्या थरातले आम्ल कमी होत जाते, पीएच वर चढतो आणि बुरशीला व इतर जीवाणूंना आयती जागा मिळते. वरच्या भाजीला येणारा मऊपणा आणि कुबट चवही बहुधा यातूनच येते.

आता पापुद्रा पुसून काढल्यावर काय उरते ते पाहावे. हवा तेवढीच उरते, आम्ल तेवढेच उरते, आणि बरणीच्या आतल्या कडेला चिकटलेले यीस्टही उरते. मग दोन दिवसांत तो पुन्हा धरला तर त्यात नवल काही नाही.

खाराची पातळी: बहुतेक वेळा चूक येथेच असते

बरणी भरताना भाजी खाराखाली बुडलेली असते याची खात्री सगळेच करतात. चूक त्यानंतर, साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान होते. या काळात वायू जोरात तयार होत असतो आणि त्याचे बुडबुडे भाजीच्या तुकड्यांमध्ये अडकून राहतात. त्यामुळे सगळी भाजी फुगून वर सरकते, तिला बुडवून ठेवणारे वरचे वजन, म्हणजे दडपण, तिरके होते आणि खार काठापर्यंत येऊन कधी कधी बाहेरही सांडतो. बरणी काठोकाठ भरलेली पाहून सगळे ठीक आहे असे वाटते. पुढे वायूचा जोर ओसरला की अडकलेले बुडबुडे निघून जातात आणि खाराची पातळी झपाट्याने खाली उतरते. सांडलेला खार तर गेलेलाच असतो. भाजीचे वरचे तुकडे आता उघडे पडतात, आणि नेमक्या त्याच वेळी संरक्षण देणारा कार्बन डायऑक्साइड तयार होणेही कमी झालेले असते. पापुद्रा पहिल्या दोन दिवसांत न येता पाचव्या-सातव्या दिवशी येतो, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

यावर उपाय असा. बरणी भरताना काठापासून तीन ते पाच सेंटीमीटर जागा मोकळी सोडावी, म्हणजे फुगवट्यात खार सांडणार नाही. भरल्यावर खाराची पातळी बरणीच्या बाहेरून एका रेघेने दाखवून ठेवावी. पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदा स्वच्छ हाताने किंवा लाकडी दट्ट्याने भाजी दाबून अडकलेले बुडबुडे बाहेर काढावेत. पातळी रेघेच्या खाली गेलेली दिसली तर साधे पाणी घालू नये. मूळ खाराच्याच प्रमाणाचा, उकळून गार केलेला खार वरून घालावा. साध्या पाण्याने वरचा थर पातळ होतो आणि पापुद्र्याला तीच जागा हवी असते.

दडपण कसे असावे याला पातळीइतकेच महत्त्व आहे. बरणीच्या तोंडातून आत जाणारी जाड काचेची चकती सर्वांत सोयीची. ती नसेल तर अन्नासाठी चालणारी जाड प्लास्टिकची पिशवी घेऊन तिच्यात खार भरावा, तोंड घट्ट बंद करावे आणि ती बरणीत वर बसवावी. ती कडेपर्यंत पसरते आणि पृष्ठभाग जवळजवळ पूर्ण झाकते. पिशवीत पाणी न भरता खारच भरण्याचे कारण हे की ती फुटली तरी बरणीतले मिठाचे प्रमाण बिघडत नाही. दगड वापरायचा झाल्यास त्यावर आधी व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावे. फेस आला तर तो दगड चुनखडीचा किंवा संगमरवरी आहे असे समजून तो वापरू नये, कारण तो आम्लात हळूहळू विरघळतो आणि भाजीचे आम्ल तेवढेच कमी करतो. धातूची वजने टाळावीत, मीठ आणि आम्ल एकत्र आले की ती गंजतात.

किसलेली किंवा बारीक चिरलेली भाजी असेल तर आणखी एक अडचण येते. दडपणाच्या कडेने लहान तुकडे, मसाल्याचे दाणे, कोथिंबिरीसारखी पाने वर तरंगतात. असा एखादा तरंगता तुकडा म्हणजे बुरशीला बसायला तयार पाटच. म्हणून भाजीवर कोबीचे एक अख्खे पान बरणीच्या आकारात कापून पसरावे, कडा नीट खाली खोचाव्यात आणि त्यावर दडपण ठेवावे. अख्खे मसाले भाजीच्या खाली, तळाशी घालावेत; वरून भुरभुरवू नयेत. काम संपल्यावर ते पान टाकून द्यावे.

उघड्या तोंडाच्या बरणीवर फडके बांधून भाजी आंबवण्याची जुनी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि ती चुकीची नाही. मात्र फडके माश्या व धूळ अडवते, हवा अडवत नाही. त्या पद्धतीत थंड खोली किंवा तळघर आणि रोज पापुद्रा काढणारे माणूस, या दोन्ही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. उबदार स्वयंपाकघरात, आठवड्यातून एकदा पाहणाऱ्याने ती पद्धत वापरली तर पापुद्रा येणार हे धरूनच चालावे. वायू बाहेर सोडणारे पण हवा आत न घेणारे एकमार्गी झाकण, किंवा तोंडाभोवती पाण्याची खाच असलेली बरणी वापरल्यास हा प्रश्न बराच हलका होतो. खाचेची बरणी असेल तर खाचेतले पाणी आटले नाही ना हे पाहत राहावे लागते. ते सुकले की ती बरणी आणि फडके बांधलेली बरणी यांत काही फरक उरत नाही.

मीठ चमच्याने नव्हे, वजनाने

मिठाबाबतची चूक दोन्ही बाजूंनी होते. बारीक मिठाचा पाच मिलिलिटरचा सपाट चमचा सुमारे ६ ग्रॅम भरतो, पण त्याच चमच्यात जाड मीठ घेतले तर वजन बरेच कमी भरते, आणि खड्यांच्या आकाराप्रमाणे ते दर वेळी बदलते. त्यामुळे मागच्या वेळी जमलेले चमच्याचे प्रमाण मीठ बदलल्यावर जमत नाही, आणि दोष मात्र भाजीला किंवा हवामानाला दिला जातो.

किसून, चोळून स्वतःच्याच पाण्यात आंबणाऱ्या भाजीला तिच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ पुरते, म्हणजे एक किलो चिरलेल्या कोबीला २० ते २५ ग्रॅम. वरून खार घालायचा असेल तेव्हा मात्र हिशेब पाण्यावर करून भागत नाही. तो पाणी आणि भाजी मिळून करावा लागतो. उदाहरणार्थ, बरणीत ६०० ग्रॅम गाजराचे तुकडे आणि ५०० ग्रॅम पाणी असेल तर एकूण वजन ११०० ग्रॅम होते आणि ३ टक्क्यांनी ३३ ग्रॅम मीठ लागते. तेच केवळ पाण्याच्या ३ टक्के, म्हणजे १५ ग्रॅम मीठ घातले, तर काही दिवसांत खार आणि गाजर यांतले मीठ समान होऊन प्रत्यक्ष प्रमाण दीड टक्क्याच्याही खाली येते. एवढ्या कमी मिठात नको असलेले जीवाणू सुरुवातीलाच जोर धरतात आणि भाजीही लवकर मऊ पडते. रिकामी बरणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, भाजी आणि पाणी भरून एकूण वजन पाहावे, मग पाणी एका भांड्यात ओतून त्यात मोजलेले मीठ विरघळवून ते परत घालावे. ही सवय लागली की चमचे आपोआप बाजूला पडतात.

दुसरी चूक पापुद्र्याच्या धास्तीने होते. तो आला की पुढच्या खेपेला मीठ वाढवायचे, पुन्हा आला की आणखी वाढवायचे. परंतु ५-६ टक्क्यांच्या पुढे आम्ल तयार करणारे जीवाणू मंदावत जातात, आंबणे लांबते, साखर बराच काळ खारात तशीच राहते, आणि मीठ सोसणाऱ्या यीस्टला उलट मोकळे रान मिळते. मीठ असमान किंवा फार जास्त पडले की भाजीला काही वेळा गुलाबी छटाही येते, तीही यीस्टमुळेच. अख्ख्या काकडीला ५ टक्क्यांच्या आसपास मीठ लागते हे खरे, कारण आतपर्यंत मीठ पोहोचायला वेळ लागतो आणि तोवर तिचा गाभा टिकायला हवा. परंतु तेच प्रमाण किसलेल्या भाजीला लावू नये.

आयोडीनयुक्त मिठामुळे भाजी आंबत नाही हा समज जुना आहे आणि तो फारसा खरा नाही. त्यातली गुठळ्या न होण्यासाठी घातलेली पूड खार गढूळ करते एवढेच. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास असेल तर ते उकळून गार करून वापरावे.

उष्णता

तापमान २१ ते २४ अंश सेल्सिअस असेल तर किसलेला कोबी साधारण तीन ते चार आठवड्यांत तयार होतो. १६ ते १८ अंशांत पाच ते सहा आठवडे लागतात. २४ अंशांच्या वर गेल्यास काम वेगाने होते खरे, पण भाजी मऊ पडण्याचा आणि पापुद्रा धरण्याचा संभव वाढतो. ज्यांच्या घरात तापमान महिनोन्‌महिने ३० अंशांच्या पुढे असते त्यांनी थंड खोलीसाठी लिहिलेले आठवड्यांचे वेळापत्रक पाळू नये. अशा वेळी मीठ ३ ते ३.५ टक्क्यांपर्यंत न्यावे, बरणी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, जमिनीलगत ठेवावी, चौथ्या-पाचव्या दिवसापासून चव पाहावी आणि हवा तेवढा आंबटपणा आला की सरळ फ्रिजमध्ये टाकावी. उन्हाळ्यातल्या बहुतेक बरण्या बिघडतात त्या भाजी तयार झाल्यावरही बाहेरच राहिल्यामुळे. बरणी ओट्यावर, शेगडीजवळ किंवा फ्रिजच्या मागच्या गरम हवेच्या झोतात ठेवली जाते, याकडेही फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

भाजीप्रमाणेही फरक पडतो. बीट, गाजर, पिकलेली ढोबळी मिरची यांत साखर जास्त असते, त्यामुळे त्यांवर पापुद्रा लवकर आणि चिवटपणे धरतो. ज्यांची तक्रार याच भाज्यांपुरती आहे त्यांनी पद्धत बदलण्याआधी त्यांत निम्मा कोबी किंवा मुळा मिसळून पाहावा.

सारखे उघडून पाहणे

पहिल्या आठवड्यात दाबण्यासाठी बरणी उघडली तरी बिघडत नाही, कारण आतून येणारा वायू हवेला लगेच बाहेर ढकलतो. बुडबुडे थांबल्यावर मात्र उघडलेल्या प्रत्येक वेळी आत गेलेली हवा आतच राहते. रोज चव पाहण्याची सवय ही माझ्या मते पातळीच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकाची चूक आहे, आणि ती कौतुकाने केली जात असल्यामुळे सोडवतही नाही. चव पाहायचीच असेल तर भाजी भरतानाच एक छोटी बरणी वेगळी भरावी आणि चाखण्यासाठी तीच उघडावी. मोठीला हात लावू नये.

अर्ध्यावर आलेल्या मोठ्या बरणीचेही तसेच आहे. भाजी संपत जाते तसतशी वरची हवा वाढत जाते, म्हणून उरलेली भाजी लहान बरणीत काठाजवळपर्यंत भरून ठेवावी. फ्रिजमध्ये पापुद्रा येत नाही असे नाही, तो फक्त सावकाश येतो.

जुना खार नव्या बरणीत घालावा का

दह्याला विरजण लावतात तसा मागच्या बरणीतला खार नव्या भाजीत घालण्याचा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. भाजीला त्याची गरज नसते, कारण तिच्यावर आवश्यक ते जीवाणू आधीच असतात. जुन्या खारात शेवटच्या टप्प्यातले, जास्त आम्ल करणारे जीवाणू भरलेले असल्यामुळे सुरुवातीचा सौम्य टप्पाच गाळला जातो. चव एकसुरी आंबट होते आणि वायू कमी सुटल्याने वरचे संरक्षणही कमी होते. आणि त्या खारावर एकदा जरी पापुद्रा आला असेल तर यीस्टचे बियाणेच नव्या बरणीत पेरले जाते. प्रत्येक खेपेला पापुद्रा येतो असे सांगणाऱ्यांनी आपण जुना खार वापरतो का हे आधी आठवून पाहावे.

खारावर तेल ओतून हवा तोडण्याचा मार्गही काही जण सुचवतात. भाजी पुरती आंबट झाल्यावर तो काही अंशी चालतो, पण तेल जंतू मारत नाही, ते फक्त हवा अडवते. जिथे आम्ल तयार झालेलेच नाही, उदाहरणार्थ नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवलेला कच्चा लसूण, तिथे हवा नसणे हेच धोक्याचे ठरते, कारण बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे विष तयार करणारा क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जीवाणू नेमका हवेविना आणि पीएच ४.६ च्या वर वाढतो. आंबवलेल्या भाजीत त्याला अडवणारे मुख्य कुंपण म्हणजे आम्ल, आणि म्हणूनच आम्ल खाणाऱ्या पापुद्र्याकडे दुर्लक्ष करू नये.

मऊ पडणे आणि तार सुटणे

पापुद्र्याबरोबर या दोन तक्रारीही येतात, त्यांचा थोडक्यात विचार करू. काकडी मऊ होत असेल तर तिचे फुलाकडचे टोक दोन मिलिमीटर तरी कापून टाकावे. भाजी मऊ करणारी विकरे (एन्झाइम) तिथे सर्वाधिक असतात. देठाचे टोक राहिले तरी चालते. तोडल्यानंतर दोन-तीन दिवस पडून राहिलेली काकडी कोणत्याही उपायाने कुरकुरीत होत नाही.

खार बोटाला लावून पाहिल्यावर त्याला तार सुटत असेल तर सुरुवातीच्या टप्प्यातल्या जीवाणूंनी साखरेपासून चिकट पदार्थ बनवलेला असतो. उष्णता जास्त आणि मीठ कमी असले की असे होते. वास चांगला आंबूस असेल आणि पहिलाच आठवडा असेल तर बरणी थंड जागी हलवून काही दिवस वाट पाहावी, बहुधा तार आपोआप नाहीशी होते. भाजीच बुळबुळीत झाली असेल किंवा वास कुजका असेल तर वाट पाहू नये.

हातातल्या बरणीचे काय करावे

सपाट पापुद्रा असेल, वास आंबूस असेल आणि भाजी कडक असेल तर बरणी वाचवता येते. पापुद्रा ढवळू न देता कडेने चमचा सरकवून जमेल तेवढा उचलावा, वरचा दोन बोटे खार आणि भाजीचा वरचा थर काढून टाकावा, बरणीची आतली कडा व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुसावी, दडपण आणि झाकण गरम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावे, ताज्या खाराने पातळी रेघेपर्यंत आणावी आणि भाजी पुरेशी आंबट झाली असल्यास बरणी लगेच फ्रिजमध्ये ठेवावी. पुरेशी आंबट झाली का हे जिभेवर सोडण्यापेक्षा पीएच पट्टीने पाहणे चांगले. आठवडाभर उबेत राहूनही पीएच ४ च्या खाली उतरला नसेल तर आंबण्याची क्रिया नीट झालेली नाही असे समजून ती भाजी खाऊ नये.

लव आलेली बुरशी असेल, रंग कोणताही असो, तर सगळी बरणी टाकून द्यावी. वरचा भाग काढून खालचे खाण्याची प्रथा आहे हे ठाऊक आहे. परंतु बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा खोल जातात आणि काही बुरश्यांचे विष खारात उतरू शकते. एक किलो कोबीसाठी तो हिशेब करत बसण्यात अर्थ नाही, विशेषतः घरात लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्री किंवा आजारी माणूस असताना. कुजका किंवा विष्ठेसारखा वास, बुळबुळीत भाजी, यांनाही हाच नियम लागू होतो, आणि अशा वेळी खात्री करण्यासाठी चव घेऊन पाहू नये.

पुढची बरणी भरताना सगळे उपाय एकदम करू नयेत, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. एकाच भाजीच्या दोन लहान बरण्या एकाच दिवशी, सारख्याच मिठाच्या भराव्यात; एकीला नेहमीचे झाकण व दडपण ठेवावे आणि दुसरीला खाराच्या पिशवीचे दडपण व एकमार्गी झाकण लावावे. दोन्हींवर भाजीचे वजन, पाण्याचे वजन, मिठाचे ग्रॅम आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. पहिलीवर पापुद्रा आला आणि दुसरीवर नाही, तर कारण हवा होते. दोन्हींवर आला तर तापमान, भाजीतली साखर आणि जुन्या खाराचा वापर या क्रमाने तपासत जावे. मिठाकडे वळायचे ते सर्वांत शेवटी, आणि तेही वजनाचा काटा हाताशी ठेवून.